स्वयंचलित मोटारीचा गिअर-पॅन घरीं बदलणें

बैलबंडीची धाव सैल झाली किंवा आंस झिजला, तर पूर्वी दुरुस्ती गांवांतच होत असे. लोहार भट्टी पेटवी, सुतार आरा तासून देई, आणि बंडीचा धनी शेजारीं उभा राहून सर्व पाहत असल्यामुळें आपल्या बंडीचा प्रत्येक भाग त्याच्या ओळखीचा असे. आतां बंडीची जागा ट्रॅक्टरनें, जीपनें व मोटारीनें घेतली आहे. हीं वाहनें आपण कर्ज काढून किंवा कापूस विकून घेतों, परंतु त्यांच्या पोटांत काय आहे हें पाहण्याचे श्रम घेत नाहीं. त्यामुळें बिघाड झाला म्हणजे मिस्त्री सांगेल तें खरें मानून पैसे मोजावे लागतात. या लेखांत स्वयंचलित गिअरच्या मोटारीचा एक लहानसा भाग, म्हणजे गिअरबॉक्सच्या खालचा तेलाचा पॅन, याविषयीं माहिती देण्याचें योजिलें आहे. तो बदलतांना आमच्या घरीं जो प्रसंग आला तो थोडक्यांत निभावला, म्हणूनच हें लिहितां येत आहे.

प्रसंग कसा आला

जुलै २०२३ मधील अतिवृष्टीनें आपल्या संग्रामपूर व शेजारच्या जळगांव जामोद तालुक्यांतील शेतांची आणि वाटांची जी खरवड झाली, ती वाचकांस स्मरत असेलच. सातपुड्याच्या पायथ्याकडील कित्येक पांदणींवरची माती वाहून गेली व दगड उघडे पडले. आमच्या शेताची वाटही त्यांतलीच. गेल्या वर्षीं पोळ्यास माझा पुतण्या पुण्याहून आपली मोटार घेऊन घरीं आला आणि मला शेत दाखवावयास त्याच वाटेनें घेऊन गेला. नाला उतरतांना गाडीच्या पोटास दगड लागल्याचा आवाज झाला. शेतापाशीं थांबून पाहतों तों खालीं तांबडें तेल ठिबकत होतें.

शेजाऱ्यानें तत्काळ ट्रॅक्टर आणि दोर आणला. गाडी अडकली कीं ट्रॅक्टरनें ओढावी, ही आपल्याकडील सर्वमान्य रीत. परंतु पुतण्यानें गाडीसोबतचें पुस्तक काढून वाचलें व मला म्हणाला, "काका, ही गाडी दोरानें ओढायची नाहीं. ओढली तर पॅन राहील बाजूला, आख्खा गिअरबॉक्स जाईल." शेवटीं चारही चाकें वर राहतील अशी दुसरी गाडी बोलावून मोटार घरीं आणली. एका शहरांतील गॅरेजवाल्यास फोनवर विचारलें, तेव्हां त्यानें गाडी न पाहतांच गिअरबॉक्स बदलावा लागेल असें सांगितलें. प्रत्यक्षांत बदलावा लागला तो केवळ पॅन, त्याचें गॅस्केट, तेलाची गाळणी आणि तेल.

कोणत्या मोटारीस हा पॅन असतो

प्रथम आपली मोटार कोणत्या जातीची आहे हें ओळखावें, कारण सर्वच मोटारींस हा पॅन नसतो.

पायांशीं तीन पेडल असून गिअर हातानें टाकावा लागत असेल, तर तो साधा गिअरबॉक्स होय. त्याचें कवच ओतीव धातूचें असतें. खालच्या अंगास तेल सोडण्याचें बूच व बाजूस तेल भरण्याचें बूच असतें. सुटा पॅन त्यास सहसा नसतो. ट्रॅक्टरमध्येंही गिअरचें तेल अशाच ओतीव कवचांत राहतें, आणि पुष्कळ ट्रॅक्टरांत तेंच तेल हायड्रॉलिकचेंही काम करतें. इंजिनाच्या पोटाखालीं जें तेलाचें भांडें असतें, त्यास आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. तें निराळें आणि या लेखांतील पॅन निराळा.

दोनच पेडल असलेल्या मोटारींतही भेद आहेत. 'एएमटी' म्हणून ओळखला जाणारा प्रकार हा मुळांत साधाच गिअरबॉक्स असून क्लच दाबण्याचें आणि गिअर टाकण्याचें काम मनुष्याऐवजीं यंत्र करतें. मारुती सुझुकीनें २०१४ सालीं सेलेरिओ या मोटारींत ही रचना आणली आणि पुढें ती कमी किंमतीच्या पुष्कळ मोटारींत आली. ज्या ॲम्बॅसॅडर मोटारीवर आपल्याकडील कित्येक चालक हातानें गिअर टाकण्यास शिकले, तिचें उत्पादनही त्याच २०१४ सालीं बंद झालें. एएमटी गाडीच्या धन्यानें पॅन शोधीत बसूं नये. तेथें तो नसतो.

ज्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो खरा स्वयंचलित गिअरबॉक्स. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ सालीं हायड्रामॅटिक या नांवाचा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल मोटारींकरितां बाजारांत आणला, आणि तेव्हांपासून हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे मोठ्या व महाग गाड्यांत तो आढळतो. याच्या तळाशीं बहुधा परातीसारखा उथळ पॅन असतो व तो अनेक लहान बोल्टांनीं कवचास जोडलेला असतो. पट्ट्यावर चालणाऱ्या 'सीव्हीटी' गिअरबॉक्सलाही पुष्कळदां असा पॅन असतो, परंतु त्याचें तेल सर्वस्वीं निराळें असतें. आपली गाडी कोणत्या जातीची याचा निर्णय सोबतच्या पुस्तकावरून करावा. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून करूं नये.

पॅनचें काम काय

साध्या गिअरबॉक्समध्यें तेलाचें काम मुख्यत्वें वंगणाचें असतें. स्वयंचलित गिअरबॉक्समध्यें तेल हेंच कामकरी आहे. इंजिनाची शक्ति टॉर्क कन्व्हर्टरमधून चाकांकडे पोंचवावयाची ती तेलाच्या द्वारें. आंतील क्लचच्या चकत्या आवळून गिअर बदलावयाचा तो तेलाच्या दाबानें. आणि घर्षणाची उष्णता वाहून न्यावयाची तीही तेलानेंच. या तेलाचा सांठा पॅनमध्यें असतो. पॅनच्या आंत गाळणी बसविलेली असते आणि इंजिनाच्या गतीनें फिरणारा पंप त्या गाळणीमधून तेल वर ओढून घेतो.

शेतकऱ्यास हें समजावयास विहिरीवरील पंपाचें उदाहरण पुरेसें आहे. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी फूटव्हॉल्व्हच्या खालीं गेलें कीं पंप पाण्याबरोबर हवा ओढूं लागतो. मोटर फिरत राहते, परंतु पाईपला पाणी येत नाहीं, आणि तसाच चालू ठेविला तर पंप जळतो. पॅनमधील तेल गाळणीच्या खालीं उतरलें म्हणजे गिअरबॉक्सची हीच दशा होते. पंप हवा ओढतो, तेलाचा फेस होतो, दाब पडतो, चकत्या घट्ट न आवळतां एकमेकींवर घसरतात आणि घसरतां घसरतां जळून जातात. इंजिनाचा आवाज वाढावा पण गाडीस वेग येऊं नये, किंवा गिअर टाकल्यावर गाडी उशीरानें हलावी, हें त्याचें लक्षण होय. पॅन फुटला एवढ्यानें गिअरबॉक्स जात नाहीं. फुटलेल्या पॅननिशीं गाडी चालविल्यानें तो जातो.

दोरानें कां ओढूं नये याचें कारणही यांतच आहे. पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असतांना गाडी ओढली तर चाकांबरोबर आंतील भाग फिरतात, परंतु पंप फिरत नसल्यामुळें त्यांस तेल मिळत नाहीं. कांहीं कंपन्या न्यूट्रलमध्यें, अल्प वेगानें, थोडें अंतर ओढण्यास मुभा देतात. परंतु ती तेल पूर्ण असलेल्या गाडीस दिलेली असते. तेल गळालेली गाडी चारही चाकें उचलूनच न्यावी.

गळती ओळखणें

रात्रीं गाडीखालीं पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरून ठेवावा आणि सकाळीं डाग पाहावा. स्वयंचलित गिअरचें तेल नवें असतां बहुधा तांबडें असतें, कांहीं कंपन्यांचें हिरवें, पिवळें किंवा निळेंही असतें. इंजिनाचें तेल वापरांत आल्यावर काळें होतें. रेडिएटरचें द्रव पाण्यासारखें पातळ पण रंगीत असतें. वातानुकूलन यंत्राचें पाणी स्वच्छ असतें, तें पडल्यास चिंता नको. गिअरचें तेल काळपट होऊन त्यास करपल्याचा वास येत असेल, तर चकत्या जळावयास लागल्या असें समजावें. तेथें केवळ पॅन बदलून भागत नाहीं.

पॅन फुटला नसून केवळ चेपला असेल तरी तपासावा. आंत गाळणी व पॅनचा तळ यांत अंतर थोडें असतें. चेपलेला तळ गाळणीस टेकला तर तेलाची वाट अडते, आणि बाहेर थेंबही न पडतां आंत तुटवडा होतो.

तयारी आणि एक इशारा

या कामांतील खरा धोका तेलाचा किंवा बोल्टांचा नाहीं. तो गाडीखालीं जाणाऱ्या मनुष्याचा आहे, म्हणून या भागाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें.

आपली जमीन काळी. ती पाण्यानें फुगते व मऊ होते, उन्हानें आटते व भेगाळते. अंगणांत मुरूम टाकून वरून ती टणक दिसली तरी खालीं काळी मातीच असते. पंधराशें किलो वजनाच्या मोटारीचें एक टोक उचललें तरी कित्येक मण भार जॅकच्या वीतभर तळावर येतो. आमच्या अंगणाचा पुढील भाग फरशीचा व मागील भाग मुरमाचा आहे. फरशीवर कापूस पडलेला होता, म्हणून गाडी मागील अंगास घेतली. आदल्या रात्रीं पाऊस झाला होता. जॅक मींच लावला. पुतण्या "फक्त बोल्ट मोजून येतों" असें म्हणून खालीं सरकला. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर-चालक पाहत उभा होता. त्यानें न बोलतां डिकींतून स्टेपनी काढली आणि गाडीच्या कडेखालीं आडवी सारली. पांच मिनिटेंही झालीं नसतील, तोंच जॅकचा तळ एका बाजूनें मुरमांत रुतला, जॅक कलंडला आणि गाडी खालीं आली. ती स्टेपनीवर टेकून राहिली. पुतण्याचा खांदा खरचटला, याहून अधिक कांहीं झालें नाहीं. स्टेपनी नसती तर काय झालें असतें हें लिहिण्याची आवश्यकता नाहीं. माझें सर्व आयुष्य कागदावर जमिनीचे नंबर आणि जात लिहिण्यांत गेलें, परंतु त्या दिवशीं पायाखालची जमीन कोणत्या जातीची आहे हें मीं पाहिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं फरशीवरील कापूस हलविला आणि मग काम केलें. त्यावरून पुढील नियम सांगतों.

(१) काम सपाट फरशीवर किंवा सिमेंटच्या जमिनीवरच करावें. काळ्या मातीवर, मुरमावर किंवा खळ्यावर करूं नये.

(२) जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. गाडी उचलल्यावर कंपनीनें दाखविलेल्या जागीं लोखंडी स्टँड लावावे, गाडी त्यांवर टेकवावी आणि हातानें हलवून पाहावी. स्टँड नसतील तर काम करूं नये. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे यांवर विश्वास ठेवूं नये. ते भाराखालीं पूर्वसूचना न देतां फुटतात.

(३) जमिनीवर राहणाऱ्या चाकांस दोन्हीं बाजूंनीं ओट लावावी, हँडब्रेक ओढावा, गिअरचा दांडा पार्किंगमध्यें ठेवावा व किल्ली काढून खिशांत घालावी.

(४) एकट्यानें काम करूं नये. बाहेर एक मोठा मनुष्य असावा. मुलांना व जनावरांना त्या बाजूस येऊं देऊं नये.

(५) गाडी धांवून आल्यावर तेल व धुराडें हातास भाजेल इतकें तापलेलें असतें. तें कोमट होईपर्यंत थांबावें.

साहित्य पुढीलप्रमाणें जमवावें: त्याच गाडीच्या नंबराचा पॅन, गॅस्केट व गाळणी; पुस्तकांत नांव दिलेलेंच तेल; मापानें आवळण्याचा पाना; पसरट घमेलें; प्लॅस्टिकची खरवडणी; धागे न सुटणारें फडकें; आणि खुणा असलेलें लिटरचें माप. तेलाच्या बाबतींत काटकसर अगदीं करूं नये. "सर्व तांबडीं तेलें सारखींच" असें दुकानदार म्हणाला तरी ऐकूं नये. सीव्हीटीचें तेल स्वयंचलित गिअरबॉक्सला किंवा याचें त्याला घातल्यास नवा पॅन बसवूनही नुकसान होतें.

प्रत्यक्ष काम

(१) तेल सोडण्याच्या आधीं तेल भरण्याचें बूच सुटतें कीं नाहीं तें पाहावें. हा नियम क्षुल्लक वाटतो, परंतु जुन्या गाडीचें बूच गंजून बसलेलें असतें. तेल काढून टाकलें आणि भरण्याचें बूच मात्र सुटत नाहीं, अशा स्थितींत गाडी जागच्या जागीं अडकते.

(२) पॅनला खालीं बूच असेल तर तें काढून तेल घमेल्यांत घ्यावें. बूच नसल्यास एका बाजूचे बोल्ट काढून दुसऱ्या बाजूचे थोडे सैल करावे, म्हणजे पॅन एका कडेनें खालीं झुकतो व तेल हळूहळू उतरतें. सर्व बोल्ट एकदम काढल्यास तेलानें भरलेला पॅन अंगावर येतो.

(३) बोल्ट काढतांना पुठ्ठ्यावर पॅनची आकृति काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागीं टोंचून ठेवावा. कांहीं ठिकाणीं बोल्टांची लांबी सारखी नसते, आणि लांब बोल्ट आंखूड जागीं गेल्यास आंतील कवचास इजा होते.

(४) पॅन निघाल्यावर आंतील लोहचुंबक पाहावा. त्यावर करड्या रंगाचें बारीक लोण्यासारखें कीट असणें स्वाभाविक आहे. तें वापराची झीज होय. परंतु धातूचे कपचे, पितळेचे कण किंवा काळ्या चकत्यांचे तुकडे आढळले तर तेथेंच थांबावें व जाणत्या मिस्त्रीस दाखवावें. आमच्या गाडींत केवळ करडें कीट निघालें. तें पाहिल्यावर आम्हांस खात्री पटली कीं, गिअरबॉक्स बदलण्याची सूचना निराधार होती.

(५) जुनी गाळणी काढून नवी बसवावी. तिच्या तोंडाशीं रबराचें कडें असतें. जुनें कडें वरच चिकटून राहिलें नाहीं हें पाहावें. एकावर एक दोन कडीं बसलीं तर तेथून हवा ओढली जाते. कांहीं गाड्यांत पॅन प्लॅस्टिकचा असून गाळणी त्यांतच जोडलेली असते. तेथें दोन्हीं एकत्रच बदलतात.

(६) कवचाच्या कडेवरील जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लॅस्टिकच्या खरवडणीनें काढावे. ॲल्युमिनियमचें कवच मऊ असतें, त्यावर विळा किंवा पटाशी चालविल्यास ओरखडा पडतो आणि तेथून कायमची गळती लागते. गॅस्केट रबराचें असेल तर तें कोरडेंच बसवावें. वर लुकण थापूं नये. जेथें कंपनीनें गॅस्केटऐवजीं लुकणच सांगितलें आहे, तेथें त्याची एकसारखी बारीक रेघ ओढावी व पुस्तकांत सांगितला तितका वेळ तें वाळूं द्यावें.

(७) चुंबक पुसून नव्या पॅनमध्यें त्याच्या जागीं ठेवावा. पॅन लावून सर्व बोल्ट प्रथम हातानें फिरवावे. नंतर मधून कडेकडे, समोरासमोरचे बोल्ट घेत, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. पॅनचे चार कोपरे एकदम घट्ट केल्यास मधला भाग फुगतो.

या बोल्टांस लागणारा जोर फार थोडा असतो. पुष्कळ गाड्यांत तो दहा न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आंकडा पुस्तकांत पाहावा. दहा न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकास एक किलोचें माप टांगल्यानें जितका पीळ बसेल तितका. नांगराच्या फाळाचा नट आवळणाऱ्या हातानें हा बोल्ट आवळल्यास ॲल्युमिनियममधील आटे निघून येतात. आमच्याकडील एका तरुणानें "अजून एक फेरा देतों" असें म्हणतांच पुतण्यानें पाना काढून घेतला, तें योग्यच केलें.

तेल भरणें व त्याचा हिशेब

घमेल्यांत निघालेलें तेल मापानें मोजून लिहून ठेवावें. पॅन सोडल्यानें गिअरबॉक्समधील सर्व तेल निघत नाहीं. टॉर्क कन्व्हर्टर, थंड करण्याच्या नळ्या व आंतील वाटा यांत पुष्कळसें शिल्लक राहतें. म्हणून पुस्तकांत 'एकूण तेल' म्हणून दिलेला आंकडा पाहून तितकें ओतल्यास गिअरबॉक्स अति भरतो, फिरते भाग तेलांत बुडून फेस होतो, आणि फेसाचा परिणाम तुटवड्यासारखाच असतो.

उलट, जितकें निघालें तितकेंच भरलें म्हणजे हिशेब जुळला, असेंही नाहीं. पॅन फुटल्यामुळें जें तेल वाटेवर गळून गेलें, तें घमेल्यांत आलेलें नसतें. जमेच्या बाजूस न लिहिलेली रक्कम खर्चांत दिसत नाहीं, परंतु शिल्लक मात्र कमी पडते. त्यांतलाच हा प्रकार. तेव्हां निघालेल्या मापाइतकें तेल घालून आरंभ करावा आणि अखेरची खात्री पातळी पाहूनच करावी.

पातळी पाहण्याच्या मुख्यत्वें दोन रीति आहेत. ज्या गाडीस तेल पाहण्याची पट्टी असते, तेथें गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर दाबून, गिअरचा दांडा प्रत्येक जागीं क्षणभर थांबवीत फिरवावा व पार्किंगमध्यें आणावा. मग पट्टी पुसून पुन्हां घालून पाहावी. कांहीं कंपन्या इंजिन बंद करून पाहण्यास सांगतात, म्हणून येथेंही पुस्तक प्रमाण मानावें. पट्टीवर थंड आणि गरम अशा निराळ्या खुणा असल्यास तेल ज्या अवस्थेंत आहे तीच खूण धरावी, कारण तेल तापल्यावर फुगतें.

अनेक नव्या गाड्यांस पट्टी नसते. तेथें पातळीचें निराळें बूच असतें. तेल ठराविक उष्णतेस आल्यावर, इंजिन चालू असतां, गाडी अगदीं सपाट असतां तें बूच काढावें लागतें. अधिक तेल बाहेर येऊन बारीक धार ठिबकूं लागली कीं पातळी बरोबर झाली. तेलाची उष्णता यंत्रावर वाचावी लागते, आणि चालू गाडीखालीं काम करावें लागतें. चारही टोकें सारख्या उंचीवर धरण्याची व उष्णता वाचण्याची सोय नसेल, तर एवढें काम घरीं करूं नये. नवा पॅन लावून पुस्तकाप्रमाणें तेल घालावें आणि पातळी बघण्यापुरती गाडी उचलून गॅरेजांत न्यावी. आम्हीं तसेंच केलें, व त्यांत कमीपणा वाटला नाहीं. तेथें दीड पेल्याइतकें तेल कमी असल्याचें निघालें.

यानंतर गाडी थोडी हळू चालवून आणावी, खालीं कोरडा पुठ्ठा घालून रात्रभर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहावी. बोल्टापाशीं ओल दिसली तर जोरानें आवळूं नये. गॅस्केट सरकलें आहे कां तें आधीं तपासावें.

जुन्या तेलाची विल्हेवाट

वापरलेलें तेल धुऱ्यावर, नाल्यांत किंवा विहिरीजवळ ओतण्याची वाईट रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. आपल्या तालुक्याचा खालचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत येतो. तेथें विहिरीचें पाणी खारट असल्यामुळें गोड्या पाण्याची किंमत काय असते हें सांगावयास नको. अशा मुलखांत चांगल्या पाण्यांत तेल मिसळूं देणें हें आपल्याच घरांत विष कालवणें होय. वापरलेलें तेल केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांन्वयें घातक कचऱ्यांत मोडतें. तें झांकणाच्या डब्यांत भरून, पाणी किंवा डिझेल न मिसळतां, अधिकृतपणें तेल गोळा करणाऱ्याकडे पोंचेल अशा गॅरेजांत द्यावें. जनावरांच्या जखमांस किंवा गोचिडांस तें लावूं नये, आणि चुलींतही जाळूं नये.

उपसंहार

हें काम कोणीं करावें आणि कोणीं करूं नये, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. गाडी हमीच्या मुदतींत असेल, चकत्या घसरूं लागल्या असतील, चुंबकावर कपचे निघाले असतील किंवा घरीं टणक जमीन व स्टँड नसतील, तर मिस्त्रीकडेच जावें. परंतु तेव्हांही हा लेख वाया जाणार नाहीं. पॅन वेगळा व गिअरबॉक्स वेगळा हें ज्यास ठाऊक आहे, तो "आधीं पॅन काढून चुंबक दाखवा" असें म्हणूं शकतो. आणि असें म्हणणाऱ्या गिऱ्हाईकास अवाच्या सवा खर्च सांगण्यास कोणीही दोनदां विचार करतो.

तात्पर्य इतकेंच कीं, पोटास दगड लागला तर गाडी तेथेंच उभी करावी, दोरानें ओढूं नये, आणि तेलाचें नांव पुस्तकांत पाहिल्यावांचून डबा फोडूं नये. आणि गाडीखालीं जाण्यापूर्वी ती कशावर उभी आहे हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. ती स्टेपनी आमच्या पुतण्यानें पुण्यास परत जातांना डिकींत ठेविली, आणि शेजारीं दोन लोखंडी स्टँडही विकत घेऊन ठेविले. ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांनींही तसेंच करावें.